हेड उतरवलं आणि आवाज चढला

गाडी गरम होत होती. रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय ते कळत नव्हतं आणि सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत होता. मिस्त्रीनं निदान केलं: हेड गॅस्केट गेली. हेड उतरलं, फेसिंग होऊन, म्हणजे घासून सपाट होऊन आलं, नवी गॅस्केट बसली, बिल चुकतं झालं. चावी फिरवली तर धूर नाही, पाणी जागच्या जागी. पण इंजिन टकटक करतंय, आणि तेही इतकं की आत कुणी पान्हा विसरला तर नाही ना, अशी शंका यावी.

हिंगोली काय, वसमत काय, कळमनुरी काय, गॅरेजच्या दारात पुढचा संवाद साधारण ठरलेला असतो. ‘मिस्त्री, आधी निस्ती गरम व्हायची, आता आवाज करायलीय.’ ‘चालू द्या मालक, सेट होईल.’

‘सेट होईल’ हे कधी कधी अगदी खरं निघतं. कधी कधी मात्र त्याच दोन शब्दांपायी क्रँकशाफ्ट भंगारात जाते. या दोन आवाजांतला फरक इंजिन न खोलताही बराचसा ओळखता येतो. त्यासाठी आवाज किती मोठा आहे हे बाजूला ठेवून तो कशाबरोबर बदलतो हे पाहावं लागतं. इंजिनाचा वेग, इंजिनाची गरमी आणि इंजिनावरचा भार या तीन गोष्टींपैकी कशाला तो बांधलेला आहे, हे कळलं की अर्धं निदान झालं. आपल्याकडे नेमकं याच पायरीला बगल दिली जाते आणि थेट सुटे भाग बदलायला सुरुवात होते.

आधी गॅस्केटचं काम काय ते पाहू. खाली ब्लॉक, वर हेड आणि मध्ये ही पातळ चादर. तिला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जळता वायू, गार करणारं पाणी आणि दाबाखालचं ऑईल. अनेक गाड्यांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ४० सेंटिमीटर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर सुमारे पाऊण मिलिमीटर लांब होतं. खालचा ब्लॉक त्याच्या निम्माच वाढतो. दर वेळी गाडी तापते आणि निवते तेव्हा हे दोन पृष्ठभाग गॅस्केटवर पुढे-मागे घासतात. त्यात मे महिन्यातलं हिंगोलीचं ४२-४३ अंशांचं ऊन, कूलंटऐवजी बोअरचं क्षारयुक्त पाणी आणि त्या क्षारांनी अर्धा बुजलेला रेडिएटर. एकदा पाणी उकळलं की हेडला बाक येतो, आणि सपाटीतला ०.०५ मिलिमीटरचा फरकसुद्धा बऱ्याच इंजिनांना चालत नाही.

म्हणून हेड उतरवताना नुसती एक चादर बदलली जात नाही. कॅमशाफ्ट निघते, टायमिंगची चेन किंवा पट्टा सुटतो, मॅनिफोल्ड बाजूला होतात, ऑईलचे आणि पाण्याचे मार्ग उघडे पडतात. कामानंतर येणारा नवा आवाज बहुतेक वेळा या हात लागलेल्या भागांतूनच येतो. बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. तो अपवाद महागडा आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

ताल मोजा

चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. नर्सी नामदेवच्या भजनात टाळ प्रत्येक मात्रेला वाजावा आणि पखवाजाची सम आवर्तनातून एकदाच यावी, तसे इंजिनातले आवाज दोन लयींत वाटले जातात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर क्रँकला बांधलेला आवाज मिनिटाला ८०० वेळा येईल. एका सैल व्हॉल्व्हची टिकटिक ४०० वेळाच येईल, म्हणजे सेकंदाला सहा-सात. हा फरक आकडे मोजून नव्हे, तरी लय म्हणून कानाला कळतो. निम्म्या लयीची हलकी, कोरडी टिकटिक वरून येते: व्हॉल्व्ह, रॉकर, टॅपेट, इंजेक्टर. पूर्ण लयीचा जड, बसका ठोका बहुधा खालून येतो आणि तो ऐकल्यावर पहिली गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायचं.

जुन्या पेट्रोल गाड्यांवर याची एक सुंदर तपासणी होती. टायमिंग लाइटची पकड एका प्लगच्या वायरवर लावायची. डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत तो प्लग दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणून दिवाही तेवढ्यालाच चमकतो. चमकेगणिक एक आवाज आला तर दोष कॅमच्या बाजूचा, चमकेगणिक दोन आले तर क्रँकच्या. आता डिस्ट्रिब्युटर गेले, प्लगच्या वायरीही गेल्या, तपासणीही विस्मरणात गेली. तत्त्व मात्र तेच राहिलं आहे. आज मोबाइलमधलं ध्वनीचा आलेख दाखवणारं अ‍ॅपही लय मोजून देतं. फक्त मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असल्यामुळे जड ठोके तो दाबतो, हे ध्यानात ठेवावं.

लय कळली, आता जागा. मिस्त्री लोक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवतात आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतात. पाहणाऱ्याला हा देखावा वाटतो, पण त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. ध्वनी पोलादातून हवेत शिरताना जवळजवळ सगळाच परत फिरतो. लाख भागांतले जेमतेम तीन-चार भाग पलीकडे जातात. स्क्रू ड्रायव्हर मधली हवा टाळतो आणि ध्वनी धातूतून थेट हाडापर्यंत आणतो. फ्रान्समध्ये रने लेनेक या डॉक्टरनं १८१६ साली रोग्याच्या छातीला कागदाची सुरळी लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, ती तरुण रुग्ण स्त्रीच्या छातीला थेट कान लावण्याचा संकोच टाळण्यासाठी; आवाज मात्र जास्त स्पष्ट आला. आता मेकॅनिकचा स्टेथोस्कोपही मिळतो आणि तो फार महाग नसतो. दोन्ही वापरताना पंखा आणि पट्टा यांच्यापासून केस, गमछा, बाही दूर ठेवावी. हे वाक्य नेहमीचं वाटेल, पण विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

एक फसगत इथे हमखास होते. आवाज सगळ्यात मोठा जिथे येतो तीच त्याची जागा, असं वाटतं. टायमिंगचं किंवा व्हॉल्व्हचं झाकण पातळ असतं आणि आतला कुठलाही ठोका ते बाहेर फेकतं. त्यामुळे झाकणावर ऐकून काही ठरवू नये. हेडच्या बोल्टवर, ब्लॉकच्या अंगावर, ऑईलच्या चेंबरवर, मॅनिफोल्डच्या बुडाशी, अशा जाड जागी टोक टेकवावं.

जमिनीतला आवाज आणि बॉनेटखालचा

आवाजाची जागा शोधणं हे हिंगोली जिल्ह्याला नवं नाही. वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांतल्या गावांनी जमिनीतून येणारे गूढ आवाज गेली कित्येक वर्षं ऐकले आहेत. पांगरा शिंदे हे गाव तर त्यासाठीच बातम्यांत आलं. २१ मार्च २०२४ च्या पहाटे आणि पुन्हा १० जुलै २०२४ च्या सकाळी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा शेजारचे जिल्हेही हलले. भूकंपाची जागा शोधताना भूकंपमापक दोन लहरींच्या येण्यातलं अंतर मोजतो. वेगानं येणारी लहर आणि मागून येणारी संथ लहर यांच्यात एका सेकंदाचा फरक असेल, तर धक्का साधारण आठ किलोमीटरवर झाला. तीन ठिकाणची अशी अंतरं मिळाली की जागा सापडली.

इंजिनात ही युक्ती कानाला जमत नाही. धातूतून ध्वनी सेकंदाला सुमारे पाच हजार मीटर धावतो, म्हणजे ४० सेंटिमीटरचं हेड तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात ओलांडतो. म्हणून आपल्याला लयीचा आणि दुसऱ्या एका पद्धतीचा आधार घ्यावा लागतो: एकेक गोष्ट बदलायची आणि आवाज आपल्या हातानं घालवून, परत आणून दाखवायचा.

ही पद्धत किती लांबवर जाते त्याचं उदाहरणही याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतल्या भावंडांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर टिपली, तीही चार किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान फरक मोजून. इतक्या नाजूक यंत्राचं बरंचसं आयुष्य नको असलेले आवाज शोधण्यात जातं. त्यांपैकी हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये बारीक, विचित्र ठोके येऊ लागले. तिथले माइक ऐकले तर चोचीची टकटक. द्रव नायट्रोजनच्या नळीवर बर्फ जमत होता आणि डोमकावळे तो टोचून खात होते. बर्फावर चोचीच्या खुणाही सापडल्या. शास्त्रज्ञांनी स्वतः तो बर्फ ठोकून पाहिला, तसाच ठोका नोंदीत उमटला, तेव्हा कुठे गुन्हा शाबीत झाला. मग नळीची व्यवस्था बदलून बर्फ जमणंच थांबवलं गेलं.

इंजिनावर हीच रीत अशी लागू होते. सिलिंडर एकेक करून बंद करायचा. पेट्रोल गाडीत त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढायचा. कॉमन रेल डिझेलमध्येही कनेक्टरच, किंवा स्कॅनरवरून बंद करायचा. जुन्या पंपाच्या डिझेलवर पाइपचा नट ढिला करण्याची सवय अजून अनेक हातांत आहे. कॉमन रेलवर ती चूक जीवघेणी ठरू शकते, कारण तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. सिलिंडर बंद केल्यावर ठोका मंदावला, तर तो दाबाला बांधलेला आहे: कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचं बेअरिंग, पिस्टन, गजन पिन किंवा तो इंजेक्टर स्वतः. काहीच फरक पडला नाही, तर व्हॉल्व्हच्या बाजूला पाहावं. जोडून परत ठोका आणा, पुन्हा काढा. दोनदा तसंच घडलं तरच मानावं.

वरचे संशयित

काम झाल्यावर पहिल्या काही मिनिटांची टिकटिक बहुतेकदा हायड्रॉलिक टॅपेटची असते. त्यांच्या पोटात ऑईल असतं. हेड दोन-चार दिवस बाकावर पडून राहिलं की ते गळतं आणि हवा भरते. इंजिन चालू झाल्यावर ऑईलचा दाब त्यांना पुन्हा भरतो. ‘सेट होईल’ हे इथे खरं. पण पंधरा-वीस मिनिटं गरम होऊनही एकाच जागी टिकटिक राहिली, तर वाट पाहण्यात अर्थ नाही. वरपर्यंत ऑईल पोहोचत नसेल. जुन्या गॅस्केटचा तुकडा किंवा जास्तीचा सीलंट ऑईलच्या बारीक मार्गात अडकतो. काही गॅस्केट उलट्याही बसू शकतात आणि मग ऑईलचं भोक झाकलं जातं. इंजिन व्यवस्थित चालतं, फक्त कॅमशाफ्ट कोरडी फिरत राहते. त्यावर एकच नेमका उपाय आहे: ऑईल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावून दाब मोजणं. दहा मिनिटांचं काम, आणि गॅरेजात सगळ्यात कमी केलं जाणारं. ऑईलचा दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे असं मानतात. तो दिवा फार खालच्या दाबालाच पेटतो.

हायड्रॉलिक नसलेल्या इंजिनात टॅपेटचं अंतर फिलर गेजनं मोजावं लागतं, साधारण ०.१५ ते ०.३५ मिलिमीटर, गाडीनुसार. शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) असतील तर काढताना कुठली कुठे होती ते लिहून ठेवावं लागतं. ते सगळे एका डब्यात टाकले की आवाज ठरलेलाच. मात्र मला भीती वाटते ती आवाज न करणाऱ्या टॅपेटची. अंतर जास्त असेल तर टिकटिक होते, चिडचिड होते, पण व्हॉल्व्ह बंद तरी होतो. अंतर शून्यावर आलं तर आवाज पूर्ण थांबतो, व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि महिना-दोन महिन्यांत जळतो. ‘मिस्त्रीनं आवाज एकदम बंद करून दिला’ हे ऐकलं की अंतर किती ठेवलं, असं विचारावं.

टायमिंगचा दोष निराळा असतो. कॅमच्या चाकाला ४० दात असतील, तर एक दात चुकला म्हणजे कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबानं १८ अंशांनी सरकली. गाडी ओढत नाही, उभी असताना थरथरते, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला चाटतो. म्हणून चावी फिरवण्याआधी क्रँक पान्ह्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते पाहायचं असतं. मध्येच कडक लागलं तर जोर लावायचा नाही. सुरू केल्यावर समोरच्या बाजूनं खरखर येत असेल तर चेनचा टेन्शनर पाहावा. तोही ऑईलच्या दाबावर चालतो आणि बसवताना त्याची पिन काढायची राहून जाते.

टॅपेटच्या नावावर सर्वांत जास्त खपणारा दोष मात्र टॅपेटचा नसतोच. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नीट बसला नाही किंवा त्याचा एखादा स्टड तुटला की फटीतून वायू सुटतो आणि अगदी टॅपेटची टिकटिक येते. लयही तीच. फरक असा की ही टिकटिक थंडीत मोठी असते, धातू फुगून फट मिटली की कमी होते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढते. फटीभोवती काजळीचा काळा माग राहतो. डिझेलमध्ये इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर जुनाच वापरला तर ‘फस्-फस्’ असा आवाज येतो आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरी थर जमतो. दोन्ही दोष स्वस्तातले आहेत. इंजिन पुन्हा खोलण्याचा निर्णय घेण्याआधी हे दोन तपासलेच पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. राहिलेली शिट्टी, खडखड आणि डॅशबोर्डमागची खळखळ: अनुक्रमे पट्टा, उष्णतेपासून राखणारा सैल पत्रा आणि कूलंटमध्ये अडकलेली हवा. हवा मात्र काढलीच पाहिजे, नाहीतर हेड पुन्हा तापेल.

फेसिंगबद्दल गैरसमज खूप. ‘हेड घासलं म्हणून नॉक करतंय,’ असं पेट्रोल गाडीबद्दल सहज म्हटलं जातं. हिशेब करू. ७५ मिलिमीटर बोअरच्या, ३५० सीसीच्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन १० पट आहे. हेड ०.२ मिलिमीटर घासलं तर ते फार तर १०.२ होईल; अर्धा मिलिमीटर घासलं तर साधारण १०.५. पहिल्या आकड्यानं सहसा काही बिघडत नाही. तसंही खरं नॉकिंग भाराखाली, चढावर, हलक्या गिअरमध्ये नव्हे तर वरच्या गिअरमध्ये ओढताना येतं, त्याचा स्वर उंच, खणखणीत असतो, सुमारे सहा-सात हजार हर्ट्‌झचा, आणि नॉक सेन्सर तोच पकडतो. उभ्या गाडीतल्या टकटकीचं खापर फेसिंगवर फोडू नये.

डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे पिस्टन वर येताना ब्लॉकच्या कडेपेक्षा काही दशांश मिलिमीटर बाहेर डोकावतो, आणि तो व हेड यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जागा उरते. म्हणून एकाच इंजिनाच्या गॅस्केट वेगवेगळ्या जाडीच्या येतात. कडेला असलेल्या खाचा किंवा भोकं मोजून जाडी ओळखतात. पिस्टन किती डोकावतो ते डायल गेजनं मोजून जाडी निवडायची असते. दुकानात होती ती आणली, एक खाच कमी निघाली, तर पिस्टन हेडला टेकू शकतो. तो ठोका क्रँकच्या लयीचा, कोरडा आणि कठीण असतो. बऱ्याच डिझेल इंजिनांना कंपनी फेसिंगची परवानगीच देत नाही, तेही याच कारणानं.

खालचा ठोका

आता तो महागडा अपवाद. गॅस्केट फुटल्यावर गाडी कितीतरी दिवस तशीच चालवलेली असते. त्या काळात पाणी ऑईलमध्ये जातं, ऑईल दुधाळ होतं. क्रँकचं बेअरिंग ऑईलच्या काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत असतं. पाणी मिसळलेलं ऑईल तो थर धरू शकत नाही आणि कूलंटमधलं ग्लायकॉल बेअरिंगचा वरचा मऊ थर खातं. धूर, गरमी, थरथर यांच्या गडबडीत तेव्हा हलका ठोका कुणाला ऐकू येत नाही. गॅस्केट बदलली, कॉम्प्रेशन पूर्ववत झालं, प्रत्येक स्फोटाचा दाब पुन्हा पूर्ण बसू लागला, आणि आधीच झिजलेलं बेअरिंग बोलू लागलं. मालकाला वाटतं, मिस्त्रीनं बिघडवलं. मिस्त्री म्हणतो, मी खाली हातच लावला नाही. दोघंही खरं बोलत असतात.

कधी दोष कामाचाही असतो. ब्लॉकचा पृष्ठभाग साफ करायला ड्रिलवर फिरणारी सँडिंगची चकती लावली की तिचे कठीण कण ऑईलच्या मार्गात पडतात आणि थेट बेअरिंगला जाऊन चावतात. बोल्टच्या भोकांत ऑईल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जातं, आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पृष्ठभाग प्लास्टिकच्या खरवडणीनं साफ करावा आणि भोकं वाऱ्यानं कोरडी करावीत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं आणि शेवटी अंशांत मोजून आवळावेत. ताणले जाणारे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

बेअरिंगचा संशय असेल तर ऑईल फिल्टर कापून पाहावा. कागदाच्या घड्यांत चकाकणारे कण दिसले तर चुंबक फिरवावं. चिकटले तर पोलाद किंवा बीड. नाही चिकटले तर बहुधा बेअरिंगचा किंवा पिस्टनचा धातू. पहिल्या ऑईल बदलात दोन-चार कण दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. चमचाभर दिसले तर गाडी जागची हलवू नये. जाड ऑईल टाकून ठोका दाबण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्यानं ठोका काही दिवस खरोखर कमी येतो, कारण जाड थर धक्का झेलतो. बेअरिंगची झीज थांबत नाही, आणि क्रँक घासून वाचली असती ती बदलण्याची पाळी येते.

पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियामध्ये इंजिनाच्या आवाजाचं आणि कंपनाचं विश्लेषण शांत खोल्यांत, महागड्या सेन्सरनं होतं. आवाजातल्या लयी वेगळ्या काढणारं गणित मुळात फूरिए या गणितज्ञाचं, दोनशे वर्षांपूर्वीचं. ते यंत्रावर झपाट्यानं करण्याची आधुनिक रीत १९६५ ची. त्या खोलीतही पहिला प्रश्न हाच असतो की हा आवाज क्रँकच्या फेऱ्याच्या कितव्या पटीत येतो.

तेव्हा गाडी घेऊन गॅरेजात जाताना एवढं करा. आवाज थंडीत येतो की गरम झाल्यावर, उभ्या गाडीत की भाराखाली, वेग वाढवला की लय वाढते का, हे कागदावर लिहून न्या आणि मोबाइलवर रेकॉर्डही करून न्या, कारण गॅरेजात पोहोचल्यावर तो हमखास थांबतो. हेडचं काम करून घेताना बिलावर चार गोष्टी लिहून मागा: हेड किती घासलं, गॅस्केटची जाडी किंवा खाचा किती, बोल्ट नवे की जुने, टॅपेटचं अंतर किती ठेवलं. जुनी गॅस्केट परत घ्या. ती कुठे जळली ते पाहून पुढचं बरंच कळतं. आणि ऑईलचा दिवा लागला किंवा भार वाढवल्यावर खालून जड ठोका वाढला, तर नांदेडपर्यंत ‘हळूहळू’ चालवत नेऊ नका. गाडी ओढून न्या. ओढण्याचं भाडं क्रँकच्या किमतीपेक्षा कमीच पडतं.